देवमनचा आवाज

अमरावती,
६ एप्रिल २०२५

आदरणीय किशोरकाका,

जय भीम. मी दीपमाला, देवमनची मुलगी. तुम्ही अमरावती सोडून अकोल्याला गेलात तेव्हा मी लहान होते, त्यामुळे चेहरा आठवणार नाही. बाबांचे मावसभाऊ आणि त्यांना कॉम्प्युटर शिकवणारे म्हणून घरात तुमचं नाव नेहमी निघतं. तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही असं आईने सांगितलं. मोबाईलवरचे मेसेज तुम्ही उघडतच नाही, असं आमच्या शेजारचा ललितदादा म्हणाला. तो नोकरीसाठी रोज अकोल्याला अपडाऊन करतो, म्हणून पत्र त्याच्याच हाती देते आहे. वेळ घेतल्याबद्दल आधीच माफी मागते.

गेल्या वर्षी नागपूरला बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यांनी त्या दिवशी सोडला, पण उशीर झाला होता. बाबा वाचले. आता ते पाटीवर लिहून बोलतात.

तुम्हाला माहीत आहे, रिक्षाला भोंगा बांधून फिरणाऱ्या जाहिरातींचा आवाज म्हणजे बाबा. मोर्शीपासून धामणगाव रेल्वे या गावापर्यंत लोक त्यांना चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायचे. मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले ती त्यांच्या जाहिरातींच्या कागदांवर. मी वाचायची आणि ते सांगायचे, इथे श्वास घे, इथे थांब.

माझी मैत्रीण रश्मी पुण्याला असते. ती सांगते की अर्धा तास स्वच्छ आवाज मिळाला, तर लिहिलेलं वाक्य मोबाईल बाबांच्याच आवाजात बोलून दाखवेल. आमच्याकडे मोबाईलवर त्यांच्या दोन-तीनच क्लिपा आहेत. एकीत कूलर घरघरतो, बाकीच्यांत मिरवणूक आहे. तुम्ही गेल्यानंतरची सगळी वर्षं ते रिक्षात बसून थेटच बोलले. रेकॉर्ड केलेलं जे काही आहे ते तुम्ही दोघांनी मिळून घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तेव्हाच्या सगळ्या जाहिराती त्यात आहेत असं बाबांनी लिहून दिलं.

मी तो माळ्यावरून उतरवला, पुसला, प्लग लावला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही. परत दाबलं. बहुतेक माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. इथल्या दुकानात नेला तर त्यांनी बघायच्या आधीच भंगार म्हटलं.

काय करू ते सांगाल का?

आपली,
दीपमाला

*

अकोला,
९ एप्रिल

दीपमाला पोरी,

जय भीम. मी बोलतो तसाच लिहितो, मले पुस्तकी जमत नाही.

देवमनचं समजलं होतं. मी भेटायले आलो नाही. मले ऐकू येत नाही, त्याले बोलता येत नाही. समोरासमोर बसून का एकमेकाचे दात मोजणार होतो? पण यायले पायजे होतं.

आता कामाचं. माफी-बिफी मागू नको, कागद वाया जाते. मी पोराईले हार्डवेअर शिकवलं तवा एकच सांगे. मशीनबद्दल मनातलं लिहू नका, डोळ्यानं दिसलं ते लिहा. कोणी 'बिघडलं असन' असं लिहिलं का मी कागद फाडून टाको. तुह्या पत्रात 'बहुतेक माझ्याच हातून' असं एक वाक्य हाय. ते मी वाचलंच नाही असं समज.

पयले त्याच सॉकेटात इस्त्री लावून पाय, गरम होते का. मंग कॉम्प्युटरची वायर बदल. मॉनिटरची वायर तशीच असते, ते लाव. मंग डब्याच्या मांगच्या बाजूनं पाय. पंख्याची जाळी असते, तिच्यापाशी एक लाल रंगाचा बारका खटका हाय. त्याच्यावर आकडा दिसते. त्याले हात लावू नको, नुसता वाच अन् लिही. अन् डबा लावल्यापासून जे जे दिसलं, वास आला, आवाज आला, समदं लिही. तुले फालतू वाटलं तरी लिही.

दुकानवाला भंगार म्हणते तर म्हणू दे. त्याचा बाप जन्मला नसन तवा आमी तो डबा जोडला.

तुहा,
किशोरकाका

*

अमरावती,
१५ एप्रिल

आदरणीय काका,

उत्तराला उशीर झाला. काल जयंती होती. मिरवणुकीच्या माईकवर दरवर्षी बाबाच असायचे. यंदा ते घरीच राहिले. गाडी आमच्या चौकात आली तेव्हा नवीन मुलाने माईकवरून त्यांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा दार लावून आत गेले.

आता तुम्ही विचारलेलं. इस्त्री गरम झाली. वायर बदलूनही कॉम्प्युटर सुरू झाला नाही. लाल खटक्यावर ११५ दिसतं.

काका, मी मागची बाजू फडक्याने घासून पुसली होती. तेव्हाच तो खटका सरकला असेल का? मला तेव्हापासून झोप नाही. (हे मनातलं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

आवाज काहीच आला नाही. मी प्लग लावला तेव्हाही नाही आणि बटण दाबलं तेव्हाही नाही. वास माझ्यासमोर आला नाही. पण तुम्ही सगळं लिही म्हणालात म्हणून लिहिते. माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले होते. मी एका अभ्यासिकेत काम करते, आणि तोवर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. परत आले तेव्हा बाबांच्या खोलीत जळकट वास होता. बाबांनी पाटीवर लिहिलं, "कूलरची मोटर." कूलर व्यवस्थित चालतो आहे, तेव्हा मोटर थोडीशीच गरम झाली असावी. त्याचा याच्याशी संबंध नसेल.

दीपमाला

*

अकोला,
१९ एप्रिल

दीपमाला पोरी,

तो खटका फडक्यानं सरकत नाही. पेनाचं टोक घालून सरकवा लागते. मी हजार मशिनी पायल्या. तू रातभर जागून कोणाचं भलं करून राहिली? झोप.

तो एकशे पंधरावर काहून हाय ते सांगतो. तवा उन्हाळ्यात संध्याकाळी साऱ्या गल्लीचे कूलर सुरू झाले का व्होल्टेज एवढं पडे का बल्बातली तार नुसती लाल दिसे. कॉम्प्युटर उठतच नसे. अन् जाहिरात तर सकाळच्या बाजाराले पायजे. मंग तुह्या बापानं जुगाड काढला. खटका दोनशे तीसवरून एकशे पंधरावर, का मशीन त्या मेलेल्या लाइटीवर बी उठे. सकाळी लाइट भरपूर आली का खटका परत जागेवर. मी लय शिव्या घातल्या. म्हटलं, "देवमन, एखाद्या दिवशी इसरशीन अन् फटाका वाजन." तर म्हणे, "वाजू दे, त्याची बी जाहिरात करू." अमरावतीत तवा लय जण असंच करत.

म्हंजे शेवटच्या दिवशी तो तसाच ठेवून बंद केला असन. आता तुमच्याइथं लाइट पूर्ण येते. एकशे पंधरावरच्या डब्यात पूर्ण लाइट गेली का आतला पॉवरचा डबा फटकन जाते.

ललितच्या हाती दुसरा पॉवरचा डबा पाठोतो. माह्यापाशी जुना पडला होता, तपासून घेतला. कसा बसवायचा ते चित्र काढून देलं हाय. खटका दोनशे तीसवर हाय, त्याले अजिबात हात नाही.

एकच इचारतो. तुह्या आधी कोणी प्लग लावला होता काय?

किशोरकाका

*

अमरावती,
२७ एप्रिल

आदरणीय काका,

आईला विचारलं, तिने लावला नव्हता. घरात दुसरं कोण आहे? ललितदादाने फक्त माळ्यावरून उतरवायला मदत केली.

तुमचा डबा आज बसवला. प्रत्येक वायर चित्राशी ताडून पाहिली. बटण दाबायच्या आधी परत सगळं इतक्या वेळा तपासलं की आई म्हणाली, "मी दाबू काय? तू तं पेपरले बसल्यावानी करून राहिली." मी दाबलं.

पंखा फिरला, काका! हिरवा दिवा लागला. मॉनिटरमधून तो जुना किणकिणता आवाज आला. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवला.

मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली. डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची. बाबांनी ती माझ्याआधी वाचली. ते वळून अंगणात निघून गेले आणि कूलरच्या टाकीत पाणी भरत बसले. टाकी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी ते उठले नाहीत. इतकी आशा त्यांना लावायलाच नको होती मी.

मी बंद करून परत सुरू केलं, डिस्कची वायर काढून परत लावली. कान लावून ऐकलं. डिस्क फिरण्याचा आवाज येत नाही, ती गरमही होत नाही. पहिल्या दिवशी मी तेच तेच बटण दाबत राहिले होते. त्यामुळेच झालं ना हे? खरं सांगा.

जुन्या पॉवरच्या डब्याबरोबर डिस्कही काढून, फडक्यात गुंडाळून ललितदादाकडे देते आहे. त्याला सांगितलं आहे की गाडीत मांडीवर ठेव.

दीपमाला

*

अकोला,
२ जून

दीपमाला,

डिस्क जुनी होती. आपोआप गेली. जुन्या डिस्का अशाच जातात. तुझ्या बटण दाबण्याने काही झालेलं नाही.

पुण्याला माझा एक विद्यार्थी अशा डिस्कमधून माहिती काढण्याचं काम करतो. त्याच्याकडे पाठवली होती. त्याने दुसऱ्या डिस्कचे भाग बसवून पाहिले. त्यात तबकडीवर चरा पडला. आता त्यातून काही निघणार नाही. परत लावून पाहू नये.

किशोरकाका

*

अमरावती,
६ जून

काका,

तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं. ते तुमचं वाटलं नाही. तुम्ही मला "पोरी" म्हटलं नाही, आणि इतकं शुद्ध तर तुम्ही कधीच लिहीत नाही.

मी ललितदादाला विचारलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, "काकानं मले दाखोलं ना, डिस्कीखालची हिरवी पट्टी जळून काळी झालती. म्हणे, लाइटीचा फटका डिस्कीपर्यंत गेला." हे तो आमच्या ओसरीत उभा राहून, मोठ्याने बोलला. बाबा आतच होते.

ललितदादा गेल्यावर बाबा पाटी घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, "मी लावला होता."

मी कामावर असताना, काका. मला आवाज ऐकवायच्या आधी त्यांना तो एकदा एकट्याने ऐकायचा होता. नीट ऐकवेल की नाही हे बघायचं होतं. त्यांनी प्लग लावला, खटक्याकडे बघायचं राहिलं. मोठा आवाज झाला. त्यांनी प्लग काढला आणि मला काही सांगितलं नाही. मग दोन महिने मी स्वतःला दोष देत राहिले आणि ते बघत राहिले. मला रागवायचं होतं. पण त्यांनी पाटी पुसली आणि परत तेच लिहिलं. परत पुसली, परत तेच.

तेव्हापासून ते पाटीला हात लावत नाहीत. जेवण पुढ्यातून सरकवतात. मी त्यांच्या गळ्यातली श्वासाची नळी साफ करायला गेले तर मान फिरवतात. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर भरती करावं लागेल. आई त्यांच्याजवळ बसून एकटीच बोलत असते: "आवाज गेला तं गेला, मी का तुमच्या आवाजासंग लगीन लावलं होतं?" पूर्वी यावर ते हसले असते.

काका, मी कधी कोणाला खोटं लिहायला सांगितलेलं नाही. अभ्यासिकेत हजेरीची वेळसुद्धा मी पाच मिनिटं मागेपुढे लिहीत नाही. पण तुम्ही बाबांना एक पत्र लिहा. माझ्या नावाने नको, त्यांच्याच नावाने. डिस्क त्यांनी लावायच्या आधीच मेलेली होती असं लिहा. ते बारकाईने वाचतील, आणि मशीनमधलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा कुठे फट राहू देऊ नका. ललितदादाने पाहिलेल्या काळ्या पट्टीचंही काहीतरी बघा.

आणि तुमच्या नेहमीच्या भाषेत लिहा.

दीपमाला

*

अकोला,
९ जून

देवमन लेका,

जय भीम. ललितनं सांगतलं का तू जेवून नाही राहिला. काहून? काय पराक्रम केला म्हणते तू? मशीन मारली? अबे, तुह्यानं कधी उंदीर मेला नाही, मशीन काय मरते!

नीट वाच. फटाका वाजला तो पॉवरच्या डब्यात. मी तो उघडून पायला. फ्यूज गेला अन् दोन कॅपॅसिटर फुगले. बस. त्याच्यापुढं काहीच गेलं नाही. बाकीचं मशीन पोरीनं नवा डबा लावल्याबरोबर उठलं का नाही? तू सोता मांगं उभा होता. डिस्कीले फटका बसला असता तं मदरबोर्ड वाचला असता काय? तूच सांग.

डिस्क मेली तुह्या माळ्यावर. वरून टिन, अन् इतक्या वर्साचे उन्हाळे. आतलं वंगण सुकून तबकडी चिकटून बसली होती. तू लावला काय, पोरीनं लावला काय, अन् मी लावला असता काय, ते फिरणारच नव्हती. मले पुण्यावरून तसंच लिहून आलं.

अन् ललितचं काय ऐकतं? मी त्याले पॉवरच्या डब्यातली जळकी पट्टी दाखोली. त्या येड्याले डिस्क अन् डबा यातला फरक समजते काय? तो नोकरी कशी करते हेच मले समजत नाही.

खटक्याच्या शिव्या मी तुले तवा देल्ल्या, आता परत देत नाही. जेव. दुर्गावहिनीले त्रास देऊ नको. मी येतो दिवाळीच्या आधी. बसू समोरासमोर. पाटी मोठी घेऊन ठेव.

तुहा,
किशोर

*

अमरावती,
२० जून

आदरणीय काका,

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मदरबोर्डचं लिहिलं आहे तिथे बोट ठेवून बराच वेळ बसले. मग पाटी मागितली आणि लिहिलं, "किशोरला खोटं बोलता येत नाही." मी मान हलवली. त्या संध्याकाळी ते भाकरी दुधात कुस्करून जेवले. काल त्यांनीच ललितदादाला बोलावून कॅबिनेट भंगारात द्यायला लावलं. आई म्हणते तुम्ही डॉक्टरच व्हायला पाहिजे होतं.

मी त्यांना कधी खरं सांगणार नाही. पण ते माझ्याकडे बघून हसतात तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत बघता येत नाही.

रश्मीने मोबाईलवर दुसरा, तयार आवाज घालून दिला. बाबा टाईप करतात, मोबाईल बोलतो. बातम्या वाचणाऱ्या कोण्या माणसाचा आवाज आहे. पहिल्या दिवशी त्या आवाजाने "दुर्गा, चहा कर" म्हटलं तर आई दचकून उठली. "बंद करा थो, परका माणूस घरात घुसल्यावानी वाटते." बाबांना मात्र ते बरं वाटतं. दुकानात जाऊन ते आता स्वतः सामान आणतात.

पण एक झालं आहे, आणि ते मी इथे कोणाला सांगू शकत नाही. मी बाबांचा आवाज आठवायला बसते आणि तो मोबाईलवाला येतो. ते मला हाक कशी मारायचे, हे मी मनात म्हणून बघते, तर तोच माणूस मला हाक मारतो. क्लिपा ऐकल्या तर कूलर आणि ढोल ऐकू येतात. एकेक दिवस बाबांचा आवाज आणखी लांब जातो आहे. मला वाटलं होतं की मशीन गेलं तरी तो माझ्याकडे राहील. माझ्याकडेही राहत नाहीये.

तुम्हाला तर कितीतरी वर्षांत काही ऐकू आलेलं नाही. तुम्हाला आवाज आठवतात का? बाबांचा आठवतो का? आठवत असेल तर कसा होता ते लिहा. मला ऐकू येईल असं लिहा.

दीपमाला

*

अकोला,
२४ जून

दीपमाला पोरी,

आठोते. माह्या कानात नवीन काहीच जात नाही, म्हणून जुनं कोणी पुसलं नाही. समदं जसंच्या तसं हाय.

तू इचारलं म्हणून लिहितो. त्याचा आवाज जाड नव्हता. लोकाईले वाटे जाड हाय, तो भोंग्याचा जाडपणा. खरा आवाज मधोमध जरासा फाटलेला होता, नव्या कापडाचं टोक फाडावं तसा. गावाचं नाव घेताना तो घाई करत नसे. "धामणगाव" वर उचले अन् "रेल्वे" खाली ठेवे, सामान फलाटावर ठेवल्यावानी. "उद्या" म्हणे अन् थांबे. समोरच्या भिंतीवरून ते "उद्या" परत येऊ दे, अन् मंगच "फक्त उद्या" म्हणे. कोणाचं लेकरू हरपलं अन् त्याची दवंडी असली तं त्या लेकराचं नाव तो हळू घेई. म्हणे, "जोरानं घेतलं तं ते आनखी भेईन."

तुले तो घरात दीपमाला म्हणत नव्हता. "दीपूऽ" म्हणे. 'दी' आखूड, 'पू' लांब, अन् शेवटी जरासा वर, इचारल्यासारखा. तू कितीक दूर असली तरी त्याच्यापेक्षा जोरानं कधी हाक मारली नाही. तू येशीनच असं धरून चालायचा.

मी हे पत्र तीनदा लिहिलं अन् तीनदा वाचून पायलं. कागदावर नुसते अक्षरं दिसतात. तुले यातून काहीच ऐकू आलं नसन, मले माहीत हाय. तो आवाज आता फक्त माह्यापाशी हाय पोरी, अन् मले तो काढून देता येत नाही.

तुहा,
किशोरकाका